कंधार परिसरातील पाणी आणि संवेदनशील माशांचे घरगुती संगोपन

प्रस्तावना

राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागरामुळे कंधारला जलसंचयाची जुनी परंपरा लाभली आहे. तरीही उन्हाळ्यात या परिसराला पाणीटंचाईला सामोरे जावे लागते. अशा ठिकाणी घरातील अथवा महाविद्यालयीन प्रयोगशाळेतील मत्स्यपेटी हा पाण्याच्या अपव्ययाचा विषय ठरू शकतो. त्यातच निऑन टेट्रा, डिस्कस यांसारखे नाजूक मासे आणल्यावर काही आठवड्यांतच मरतात, असा अनुभव अनेकांना येतो. दोष खाद्याला किंवा विक्रेत्याला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कारण पाण्यातच असते. माशांचे आरोग्य आणि पाण्याची बचत एकाच पद्धतीने कशी साधता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाण्याचा स्वभाव

नांदेड जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा असून पूर्वेकडे ग्रॅनाइट व नीस खडक आढळतात. बेसाल्टमधील भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट यांचे प्रमाण अधिक असल्याने ते साधारणतः कठीण व अल्कधर्मी असते. निऑन टेट्रा व डिस्कस हे मूळचे अमेझॉन खोऱ्यातील मासे असून तेथील पाणी अत्यंत मृदू व आम्लधर्मी आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा प्रति लिटर २०० मिलिग्रॅम आहे आणि पर्यायी स्रोत नसल्यास ती ६०० पर्यंत मान्य होते. म्हणजेच माणसास पिण्यायोग्य पाणी या माशांना मानवेलच असे नाही. एकाच गावातील दोन विहिरींचे पाणीही भिन्न असू शकते. म्हणून मासे आणण्यापूर्वी पाण्याचा सामू व कठीणपणा तपासणे आवश्यक ठरते.

आम्ल घालून सामू उतरवण्याचा प्रयत्न सहसा फसतो. पाण्यातील बायकार्बोनेट तो पुन्हा वर नेतात आणि या चढउताराचा माशांना अधिक त्रास होतो. गच्चीवर स्वच्छपणे साठवलेले पावसाचे पाणी बोअरच्या पाण्यात योग्य प्रमाणात मिसळणे हा तुलनेने सुरक्षित उपाय आहे. मात्र पहिल्या पावसाचे पाणी वगळावे.

नत्रचक्राचे महत्त्व

माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. गाळणीतील स्पंज व वाळूवर वाढणारे जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही व्यवस्था रुळण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात पेटीत नाजूक मासे सोडू नयेत.

येथे अल्कधर्मी पाण्याचा एक विशेष धोका लक्षात घ्यावा लागतो. २५ अंश सेल्सिअस तापमानात सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच तीव्र विषारी रूपात असतो. सामू ८ झाल्यास हे प्रमाण पाच टक्क्यांवर जाते. तापमान वाढले की त्यात आणखी भर पडते. त्यामुळे मृदू पाण्यात खपून जाणारे जास्तीचे खाद्य कंधारसारख्या ठिकाणी माशांच्या जिवावर बेतू शकते.

स्वच्छतेची रूढ पद्धत व तिचे परिणाम

दर रविवारी संपूर्ण पेटी रिकामी करून वाळू व स्पंज नळाखाली धुण्याची रीत सर्रास दिसते. क्लोरीनयुक्त पाण्याने उपयुक्त जिवाणू नष्ट होतात आणि चक्र पुन्हा आरंभापासून सुरू होते. त्याऐवजी आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे. नवे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून, पेटीतील तापमानाशी जुळल्यावर घालावे. स्पंज पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळून घ्यावा. १०० लिटरच्या पेटीस रूढ रीतीने चार आठवड्यांत ४०० लिटर पाणी लागते. या पद्धतीने १०० लिटर पुरते. काढलेले नायट्रेटयुक्त पाणी कुंड्यांना व परसबागेला खत म्हणून उपयोगी पडते.

उन्हाळा व भारनियमन

पाणी तापले की त्यातील विद्राव्य प्राणवायू घटतो. २० अंशांस प्रति लिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो, तर ३० अंशांस साडेसात मिलिग्रॅम. त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. म्हणून पेटी थेट उन्हात ठेवू नये, माशांची संख्या मर्यादित ठेवावी आणि वीज गेल्यास उपयोगी पडेल असा बॅटरीवरील हवापंप जवळ असावा. दीर्घकाळ वीज नसल्यास खाद्य बंद ठेवणे हितावह ठरते.

समारोप

स्थानिक पाण्याला अनुरूप मासे निवडणे ही संगोपनाची पहिली पायरी होय. कठीण पाण्यात गप्पी व मोली चांगले रुळतात. नवशिक्यांनी आरंभ त्यांच्यापासून करून, पाण्याच्या नोंदी ठेवण्याची सवय जडल्यावर नाजूक जातींकडे वळावे. नकोसे झालेले मासे मन्याड नदीत किंवा तलावात सोडू नयेत. परकीय जाती स्थानिक माशांच्या अधिवासास बाधक ठरतात. प्राणिशास्त्र विभागांनी पेटीशेजारी सामू, तापमान व अमोनिया यांची साप्ताहिक नोंदवही ठेवल्यास विद्यार्थ्यांना नत्रचक्राचा जिवंत पाठ मिळेल आणि माशांचे आयुष्यही वाढेल.