जनरेटर वर, पंप तळघरात

२९ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री ‘सँडी’ वादळाने समुद्राचे पाणी मॅनहॅटनच्या दक्षिण टोकात घुसवले आणि त्या भागाची वीज गेली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या ७५ क्रमांकाच्या उंच इमारतीत पीअर वन या कंपनीचे डेटा सेंटर होते. वर, पाण्याच्या आवाक्याबाहेर बसवलेला त्याचा डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाला आणि सर्व्हर चालू राहिले. घात झाला तो खाली. डिझेल वर चढवणारे पंप तळघरात होते आणि तळघर पाण्याने भरले होते. जनरेटरजवळच्या छोट्या टाकीत, जिला या व्यवसायात ‘डे टँक’ म्हणतात, थोडेच डिझेल शिल्लक होते. मग सेंटरचे कर्मचारी आणि तिथे सर्व्हर ठेवणाऱ्या स्क्वेअरस्पेस, फॉग क्रीक या कंपन्यांची माणसे यांनी साखळी करून, बादल्या हातोहात देत, सतरा मजले जिन्याने डिझेल चढवले. सेंटर वाचले. जवळच व्हाइटहॉल स्ट्रीटवर डेटाग्रामच्या सेंटरचेही तळघर बुडाले. तिथे कोणी बादल्या वाहिल्या नाहीत, आणि हफिंग्टन पोस्ट, बझफीड, गॉकर ही संकेतस्थळे बंद पडली. त्याच शहरातल्या बेलव्ह्यू रुग्णालयाचे जनरेटर तेराव्या मजल्यावर होते आणि पंप, अर्थातच, तळघरात. ते रुग्णालय शेवटी रिकामे करावे लागले.

या घटनांमध्ये एकही जनरेटर बिघडला नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. डेटा सेंटरच्या पर्यायी विजेची चर्चा मात्र बहुतेक वेळा जनरेटरच्या संख्येभोवतीच फिरते. लागतात तितके म्हणजे ‘एन’, एक जादा म्हणजे ‘एन अधिक एक’, सगळेच दुप्पट म्हणजे ‘दोन एन’. माहितीपत्रकात हाच आकडा ठळक छापलेला असतो आणि ग्राहकही त्यावरच भाव ठरवतो. माझे म्हणणे असे की एका मर्यादेनंतर हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. त्या मर्यादेपलीकडची विश्वासार्हता यंत्रे वाढवून येत नाही. ती येते यंत्रांमधले सामाईक दुवे शोधून तोडल्याने आणि सगळी साखळी खऱ्या भारावर चालवून पाहिल्याने.

संख्येच्या बाजूने असलेला हिशेब आधी पाहू, कारण तो खोटा नाही. अमेरिकेतल्या अणुऊर्जा नियामकांनी १९८८ मध्ये अणुवीज केंद्रातली वीज पूर्ण जाण्याबाबत नियम केला. त्याच्या अंमलबजावणीत आणीबाणीच्या डिझेल जनरेटरसाठी ९५ किंवा ९७.५ टक्के विश्वासार्हतेचे लक्ष्य ठेवले गेले. म्हणजे इतक्या कडक निगराणीतल्या यंत्राकडूनही चाळिसात एकदा दगा होईल असे गृहीत धरले गेले. आता एखाद्या सेंटरला चार जनरेटर लागतात असे समजा. चारच ठेवले तर चारही सुरू होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के, म्हणजे दहातून एकदा अंधार. पाचवा ठेवला की हे अपयश हजारात सहा वेळांवर येते आणि सहावा ठेवला की दहा हजारांत तीन वेळांवर. दोन यंत्रांच्या खर्चात तीनशे पटींहून अधिक सुधारणा! पण हा गुणाकार एका गृहीतकावर उभा आहे: प्रत्येक जनरेटर स्वतंत्रपणे बिघडतो, एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नसतो. पंप एकच असेल, पॅनेल एकच असेल, नियंत्रण करणारे सॉफ्टवेअर एकच असेल, तर हे गृहीतक कोसळते. समजा हजारात पाच वेळा असे काही घडते की सगळे जनरेटर एकदम निकामी होतात. मग सहा जनरेटर ठेवा किंवा सोळा, अपयश हजारात पाचच्या खाली येणार नाही. सातवा जनरेटर घेण्यासाठी मोजलेले पैसे जवळपास पाण्यात.

सामाईक कारण किती खोल लपलेले असू शकते, हे फुकुशिमाने दाखवले. ते डेटा सेंटर नव्हते, पण प्रश्न तोच होता. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत दाइइची केंद्रातल्या तेरा आणीबाणी जनरेटरपैकी सहाव्या अणुभट्टीचा हवेने थंड होणारा एकच जनरेटर कामाला आला. बाकीचे बहुतेक तळघरात होते म्हणून बुडाले, एवढे सर्वांना ठाऊक आहे. दोन जनरेटरांची कथा मात्र वेगळी आहे. दुसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठीचे हवेने थंड होणारे जनरेटर निराळ्या इमारतीत होते आणि ते स्वतः भिजले नाहीत. त्यांची वीज पुढे नेणारे स्विचगिअर मात्र खाली होते आणि ते पाण्यात गेले. यंत्र चांगले, इंधन हाताशी, आणि वीज बाहेर न्यायला वाटच नाही. आराखड्यात जनरेटर वेगळे दाखवले म्हणून ते वेगळे होत नाहीत. इंधनाच्या टाकीपासून सर्व्हरच्या प्लगपर्यंत प्रत्येक दुवा वेगळा आहे का, हे पाहावे लागते.

ही साखळी किती लांब आहे, हे वीज गेल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात कळते. वीज जाताच सर्व्हरचा भार यूपीएसच्या बॅटऱ्या घेतात, तोही सहसा पाच ते पंधरा मिनिटांपुरता. क्षणिक झटक्याने उगाच इंजिने सुरू होऊ नयेत म्हणून नियंत्रक काही सेकंद थांबतो आणि मग सुरू होण्याचा हुकूम देतो. स्टार्टर मोटर फिरवायला साधी शिशाची बॅटरी असते. जनरेटर सुरू न होण्याच्या कारणांत तिचा नंबर नेहमी वरचा लागतो; कोट्यवधींचे यंत्र काही हजारांच्या बॅटरीवर अडते. इंजिन थंड असेल तर लगेच भार घेत नाही, म्हणून त्यातले पाणी हीटरने सतत कोमट ठेवलेले असते. चार ध्रुवांच्या अल्टरनेटरला ५० हर्ट्झ देण्यासाठी मिनिटाला १५०० फेरे घ्यावे लागतात. त्या वेगावर व्होल्टेज स्थिर झाले, सर्व जनरेटरांच्या लहरी एकमेकींशी जुळल्या, की ब्रेकर जोडले जातात आणि टप्प्याटप्प्याने भार येतो. सर्व्हर थंड ठेवणारे चिलर सगळ्यात शेवटी, कारण मोठी मोटर सुरू होताना प्रवाह ओढून घेते आणि व्होल्टेज खाली बसवते. यातली एक पायरी चुकली तरी बाकीच्या सगळ्या व्यर्थ.

याची उदाहरणे मोठ्या कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालांत सापडतात. २९ जून २०१२ ला उत्तर व्हर्जिनियातल्या वादळात ॲमेझॉनच्या एका डेटा सेंटरचे जनरेटर सुरू झाले, पण भार घेण्याच्या क्षणी त्यांचे व्होल्टेज स्थिर होईना. यंत्रणेने त्यांना भार दिलाच नाही, यूपीएस संपले, आणि नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट बंद पडले. ते जनरेटर दोन वर्षांहूनही नवे होते आणि त्यांची दर आठवड्याला चाचणी होत असे. हाताने लाइनवर घेतल्यावर तेच जनरेटर तीस तासांहून अधिक विनातक्रार चालले. ९ नोव्हेंबर २०१७ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीची वीज गेली. आत येणाऱ्या लाइन दोन होत्या, पण वीज कंपनीकडे त्या एकाच ब्रेकरवर होत्या. त्यातच आपोआप जनरेटरवर जाण्याची व्यवस्था चालली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सिडनीत मायक्रोसॉफ्टच्या केंद्राला विजेच्या केवळ एका झटक्याने चिलर बंद पडल्याचा फटका बसला. चिलर हाताने सुरू करायचे होते आणि रात्रपाळीला एवढ्या मोठ्या जागेत तीनच माणसे होती. तिन्ही घटनांत जनरेटरची संख्या हा प्रश्नच नव्हता.

यावर सरळ आक्षेप येतो: ॲमेझॉन तर दर आठवड्याला चाचणी घेत होते, मग चाचणीचा उपयोग काय? उत्तर बहुतेक वेळा चाचणीच्या प्रकारात असते. इंजिन सुरू करून दहा मिनिटे रिकामे फिरवायचे आणि वहीत सही करायची, ही चाचणी फक्त इंजिन फिरते एवढेच सांगते. उलट तिने नुकसान होते. क्षमतेच्या तीस टक्क्यांहून कमी भारावर डिझेल इंजिन पुरेसे तापत नाही, न जळलेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साचते, आणि खरा भार येतो त्या दिवशी इंजिन धापा टाकते. म्हणून अमेरिकेतल्या एनएफपीए ११० या मानकात दरमहा किमान तीस मिनिटे, किमान तीस टक्के भारावर चालवण्याची अट आहे. लोड बँक म्हणजे विजेचे मोठे हीटर. ते जोडून पूर्ण भार देता येतो. पण लोड बँकेवरची चाचणीही ग्रिडवरून जनरेटरवर जाणारा चेंजओव्हर, यूपीएस आणि चिलर यांची परीक्षा घेत नाही. ती होते मुख्य ब्रेकर खरोखर पाडल्यावर. ऑगस्ट २०१६ मध्ये अटलांटा येथे डेल्टा विमान कंपनीची संगणक यंत्रणा कोलमडली. तेव्हा सुमारे ७,००० सर्व्हरपैकी ३०० पर्यायी विजेला जोडलेलेच नव्हते, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. मुख्य वीज खरोखर तोडून पाहणाऱ्या एकाच चाचणीत ही गोष्ट आधी उघडी पडली असती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुख्य ब्रेकर पाडणे धोक्याचे आहे. मे २०१७ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या डेटा सेंटरमध्ये वीज तोडून ती अनियंत्रितपणे पुन्हा जोडली गेल्याने सुमारे ७५,००० प्रवासी अडकले. विजेच्या खोलीतला माणसाचा हात हे बिघाडाचे मोठे कारण आहे, हे मान्यच करावे लागेल. पण त्यातून निघणारा निष्कर्ष चाचणी टाळण्याचा नाही. ठरलेल्या वेळी, तज्ज्ञ हजर असताना, ग्राहकांना आधी कळवून झालेला बिघाड अर्ध्या तासात आवरतो. तोच बिघाड वादळाच्या रात्री तीन माणसांसमोर उभा राहतो तेव्हा आवरत नाही. धोका टळत नसतो, त्याची वेळ कोण ठरवणार एवढेच आपल्या हाती असते.

‘आता ग्रिड सुधारले आहे, बाहेरून वीज आणणारे दोन फीडर घेतले की झाले,’ असेही ऐकू येते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. कळवा-पडघे ४०० केव्ही यंत्रणेत एका सर्किटची देखभाल चालू असताना दुसऱ्यात बिघाड झाला, असे तेव्हा ऊर्जामंत्र्यांनी सांगितले. मुंबईला ‘बेटा’सारखे वेगळे काढून वीज टिकवण्याची योजनाही त्या दिवशी चालली नाही. फीडर दोन असले तरी ग्रिड एकच असते. अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेची ‘टिअर’ वर्गवारी तर जनरेटरलाच डेटा सेंटरचा मूळ वीजस्रोत मानते आणि ग्रिडला केवळ स्वस्त पर्याय. ही भूमिका टोकाची वाटते, पण ऐरोली, रबाळे, महापे, पनवेल या पट्ट्यात देशाच्या डेटा सेंटर क्षमतेचा मोठा हिस्सा एकवटत असताना ती शहाणपणाची आहे.

बॅटऱ्यांनी जनरेटर हटवावेत, हा आणखी एक विचार. काही मिनिटांसाठी बॅटरीला तोड नाही, पण दिवसभराची वीज लिथियममध्ये साठवायची तर इमारतीत आगीचे नवे सामाईक कारण आणून ठेवावे लागते. ऑक्टोबर २०२२ मध्ये दक्षिण कोरियातल्या पांग्यो येथे डेटा सेंटरच्या बॅटरीच्या खोलीतल्या आगीने काकाओ कंपनीची सेवा देशभर ठप्प झाली. प्रदूषणाचा आक्षेप मात्र रास्त आहे. दाट वस्तीत डझनभर मोठी डिझेल इंजिने एकदम धूर सोडतात, तेव्हा शेजाऱ्यांनी बोलू नये असे म्हणता येत नाही. तोच आक्षेप माझ्या म्हणण्याला बळ देतो: खात्रीचे सहा जनरेटर संशयाच्या दहांपेक्षा बरे.

इंधनाचे गणित तर साधे आहे, तरी ते बाजूला पडते. एक युनिट विजेला साधारण पाव लिटर डिझेल लागते. २० मेगावॉटचे केंद्र ४८ तास चालवायचे तर सुमारे अडीच लाख लिटर हवे. एवढे डिझेल महिनोन्‌महिने पडून राहते. त्यात पाणी साचते, सूक्ष्मजीव वाढतात, गाळ बसतो, आणि एकाच टाकीतले ते डिझेल सगळ्या जनरेटरांचे फिल्टर एकाच दिवशी तुंबवते. साठा संपल्यावर टँकर येतील या भरवशावर करार केलेले असतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तशा दिवशी टँकर कुठल्या रस्त्याने येणार? आणि ज्या पुरवठादाराने एका केंद्राला शब्द दिला आहे, त्यानेच तो शेजारच्या चौघांना, शिवाय रुग्णालयांना, दिलेला असतो.

बँका, रुग्णालये, सरकारी खाती यांची माहिती आता याच केंद्रांत आहे आणि तिथल्या जागेच्या निविदा दरवर्षी निघतात. त्या निविदा लिहिणाऱ्यांनी जनरेटरच्या संख्येसोबत एक अट जरूर घालावी: वर्षातून एकदा, ग्राहकाच्या प्रतिनिधीसमोर, मुख्य वीज तोडून संपूर्ण केंद्र किमान चार तास जनरेटरवर चालवून दाखवायचे आणि त्या दिवशीची नोंद, अपयशासकट, ग्राहकाला द्यायची. जे केंद्र ही अट मान्य करणार नाही, त्याला काम देऊ नये.