कमवा-शिका योजनेतल्या हातांना खडू कधी मिळणार?

१८८२ साली महात्मा जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी नुसत्या शाळा मागितल्या नाहीत. शाळेत शिकवणारा माणूस कोण, हा प्रश्न त्यांनी सरकारच्या तोंडावर विचारला. प्राथमिक शाळांतले जवळपास सगळे शिक्षक ब्राह्मण आहेत, हे त्यांनी आयोगाच्या निदर्शनास आणले. शिक्षक कष्टकरी जातींतून घ्यावेत, तो मुलांत मिसळणारा असावा आणि वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला त्याला लाज वाटू नये, अशी त्यांची मागणी होती. या मागणीला आता १४० वर्षे उलटून गेली. नांगराची मूठ धरणारी मुले विद्यापीठापर्यंत पोहोचली, पण खडू त्यांच्या हाती कितपत आला, याचा हिशेब कोणी मांडायचा?

हा हिशेब ‘कमवा आणि शिका’ योजनेपासून सुरू करावा लागतो. पुणे विद्यापीठात आणि त्याच्या संलग्न महाविद्यालयांत ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते. गरीब विद्यार्थ्याने दिवसातले काही तास काम करायचे आणि त्या तासांचे पैसे घ्यायचे, अशी तिची साधी रचना आहे. पुणे-सातारा रस्त्यावरच्या शिवऱ्यासारख्या गावातून किंवा भोर-वेल्ह्याच्या डोंगराकडेच्या वाड्या-वस्त्यांतून शिकायला निघालेल्या मुलापुढे दोनच वाटा असतात. महामार्गावरच्या हॉटेलात, गोदामात, कंपनीत कंत्राटावर राबायचे आणि शिक्षण सोडायचे, ही पहिली वाट. महाविद्यालयातच काम मिळवून शिक्षण टिकवायचे, ही दुसरी. दुसरी वाट या योजनेने खुली ठेवली, हे तिचे मोठेपण आहे. ते नाकारण्याचा प्रश्नच नाही.

कर्मवीरांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली राहायला आणि एका पंगतीत जेवायला लावले. सत्यशोधक संस्कारातून आलेल्या या माणसाने स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीदच केले. पाटलाचा मुलगा आणि महाराचा मुलगा एकच कुदळ धरतात, तेव्हा जात मोडते, हा त्यांच्या वसतिगृहाचा अर्थ होता. म्हणजे कुदळ सगळ्यांच्या हाती होती. आज महाविद्यालयात कुदळ कोणाच्या हाती असते? योजनेत नाव नोंदवणारा मुलगा गरीब घरातला असतो, आणि गरीब घर बहुतेकदा बहुजनांचे असते. त्याने ग्रंथालयात पुस्तके लावायची, कार्यालयात फायली वाहायच्या, बागेला पाणी घालायचे, प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायची. सुखवस्तू घरातला मुलगा याच वेळात शिकवणीला जातो. श्रमाला आम्ही कमी लेखत नाही, आमच्या बापजाद्यांनी श्रमच केले. पण जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलन’ या ग्रंथात दाखवून दिले. विद्यापीठाच्या आवारात शिकवण्याचे काम एकाचे आणि झाडलोटीचे दुसऱ्याचे अशी वाटणी होत असेल, तर गावगाड्याने आवारात येऊन फक्त कपडे बदलले, असे म्हणावे लागेल.

मग विद्यार्थ्याला शिकवण्यात मदतीचे काम देता येत नाही का? येते, आणि दिले जाते. आपल्याच राज्यात पवईच्या आयआयटीत एम.टेक.चे विद्यार्थी अध्यापन सहायक म्हणून काम करतात. पदवीच्या मुलांचे ट्युटोरियल घेणे, प्रयोग करून घेणे, वह्या तपासणे अशी त्यांची कामे असतात. आठवड्याला साधारण आठ तासांच्या या कामापोटी गेटमधून आलेल्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये मिळत आले आहेत. काम ठरलेले, तास ठरलेले, पैसा ठरलेला. पण ज्या विद्यापीठांत आणि तालुक्याच्या महाविद्यालयांत आपली बहुसंख्य मुले शिकतात, तिथे ही पद्धत रूढ झाली नाही. तिथे काय चालते, ते संशोधन करणारा प्रत्येक विद्यार्थी जाणतो. ‘उद्या माझा तास तू घे’, ‘हे पेपर जरा तपासून ठेव’, असे मार्गदर्शक सांगतो. नेमणुकीचे पत्र नसते, हजेरी नसते, मोबदला नसतो. नाही म्हणावे तर प्रबंधावर सही कोण करणार, ही भीती असते. आणि मर्जीतल्या विद्यार्थ्याला मात्र याच कामाचा दाखला मिळतो. पुढे मुलाखतीत तो ‘अध्यापनाचा अनुभव’ म्हणून टेबलावर येतो.

या बिनपैशाच्या कामाला आमच्या भाषेत जुना शब्द आहे: बिगार. महार वतनाच्या नावाखाली आमच्या पूर्वजांकडून रात्रंदिवस कामे करून घेतली जात. ती साखळी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन दुरुस्तीचे विधेयक आणले. पुढे संविधानाच्या कलम २३ ने बिगार आणि सक्तीची मजुरी यांना मनाई केली. १९८२ साली आशियाई स्पर्धेच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ आणखी स्पष्ट केला. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, कारण उपाशी माणसाची ‘संमती’ ही खरी संमती नसते. २०१६ साली पंजाबच्या जगजित सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने समान कामाला समान वेतनाचे तत्त्व तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लागू केले. विद्यार्थ्याला ‘कामगार’ म्हणावे की नाही, यावर वकील वाद घालतील. पण ‘मानधन’ या गोड शब्दाआड कामाचे मोल लपवता येणार नाही, हे तत्त्व तरी पक्के आहे. मानधनात पुष्कळदा मानही नसतो आणि धनही नसते.

बाबासाहेबांचे स्वतःचे आयुष्य या प्रश्नावर बोलते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. १९१८ साली ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथे सहकारी प्राध्यापकांनी त्यांच्या पाण्याच्या भांड्यावर आक्षेप घेतला. तरी ते शिकवत राहिले, पगारातून पैसा साठवत राहिले. ती बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. शिकवून मिळवलेल्या पैशावर पुढचे शिक्षण घेणे, ही ‘कमवा आणि शिका’ची खरी उंची आहे. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले, तेही याच जाणिवेतून.

बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथे पुढे काय घडले, हेही चळवळीने माहीत करून घ्यावे. तिथल्या अध्यापन सहायक विद्यार्थ्यांनी ‘आम्ही विद्यार्थी आहोत आणि कामगारही आहोत’ असा दावा लावला. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने तो मान्य केला. तरीही विद्यापीठ करारावर येईना. तेव्हा नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ असे सुमारे दहा आठवडे त्यांनी संप केला आणि करार पदरात पाडून घेतला. हार्वर्डच्या विद्यार्थी कामगारांनी तर २०२१ च्या करारात जातीच्या कारणावरून भेदभाव करण्यास मनाई लिहून घेतली. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या संघटनेला जातीचा प्रश्न कळतो. आपल्या विद्यापीठांच्या अधिसभेत तो किती वेळा कामाच्या वाटणीसंदर्भात निघतो?

‘विद्यार्थ्याने शिकवले तर गुणवत्तेचे काय?’ असे लगेच विचारले जाईल. गुणवत्ता हा शब्द आपल्या वाटेवर नेहमीच आडवा घातला जातो. मराठी शाळेत ‘त्वरण’ शिकलेला मुलगा अकरावीत ‘ॲक्सिलरेशन’ ऐकतो आणि गप्प बसतो. त्याला विज्ञान कळत नाही असे नसते, फक्त शब्दाने त्याची वाट अडवलेली असते. पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत ही अडचण त्याचा पिच्छा सोडत नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच वाटेवर अडखळलेला वरच्या वर्गातला विद्यार्थी त्याची अडचण पाच मिनिटांत ओळखतो. शिवाय आपल्यासारखाच एक दादा किंवा ताई फळ्यापुढे उभी आहे, हे पाहून मागच्या बाकावरचे मूल हात वर करायला धजते. ही गुणवत्ता कोणत्या परीक्षेत मोजणार?

दुसरा धोका मात्र खरा आहे. सहायक विद्यार्थी स्वस्तात मिळतात म्हणून प्राध्यापकांची पदे रिकामी ठेवण्याचा डाव टाकला जाऊ शकतो. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणारे आपले नेट-सेट झालेले बांधव हा डाव भोगतच आहेत. तेरा बिंदू रोस्टरविरुद्ध २०१९ साली देश रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे केंद्राला शिक्षक संवर्गातील आरक्षणाचा कायदा करावा लागला. म्हणून विद्यार्थी सहायक हा प्राध्यापकाचा मदतनीस असेल, पर्याय नसेल, ही अट आधी लिहून घेतली पाहिजे.

मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक विभागात अध्यापन सहायकाच्या जागा ठरवून त्यांची जाहिरात द्यावी आणि त्या आरक्षणाच्या बिंदुनामावलीनुसार भराव्यात. नेमणुकीचे पत्र, तासांची नोंद आणि अनुभवाचा दाखला सर्वांना द्यावा. तासाचा दर किमान वेतनापेक्षा खाली जाऊ नये आणि पैसे दरमहा बँकेत जमा व्हावेत. उशिरा आलेला पैसा गरिबाच्या कामाचा नसतो. रोहित वेमुलाची शिष्यवृत्ती सात महिने अडकून होती, हे आपण विसरलेलो नाही. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी २०२१ च्या तुकडीतल्या ८६१ संशोधकांना आझाद मैदानात ठाण मांडावे लागले, तेही ताजेच आहे. मार्गदर्शक आणि काम देणारा एकच असेल तर तक्रार ऐकणारा तिसरा हवा. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळ दिलेले आहे, त्याने ही जबाबदारी घ्यावी. शिवऱ्याहून रोज ये-जा करणाऱ्याला हे काम रात्री नव्हे, तर दोन तासिकांच्या मधल्या वेळात मिळावे.

विद्यार्थी संघटनांनी येत्या शैक्षणिक वर्षात आपापल्या महाविद्यालयाला माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकावा. कमवा-शिका योजनेत किती मुले आहेत, ती कोणत्या प्रवर्गातली आहेत, कोणते काम करतात आणि त्यांतल्या किती जणांना वर्गात मदतीचे काम दिले, एवढेच विचारावे. उत्तर हाती आले की पुढची लढाई काय आहे, ते आपोआप कळेल. प्राध्यापकाच्या खुर्चीपर्यंतचा जिना याच पायरीपासून सुरू होतो. पहिलीच पायरी काढून घेतली, तर वर आरक्षणाची पाटी लावून काय उपयोग?

जयभीम!