सोयाबीनचा भाव, आयात शुल्क आणि पीककर्ज

धाराशिव जिल्ह्यात खरिपाचा सर्वांत मोठा पेरा सोयाबीनचा. कळंब असो की उमरगा, घरखर्च आणि बँकेची फेड बहुतांशी याच पिकावर चालते. क्विंटलभर सोयाबीनमधून सुमारे 18 किलो तेल आणि 80 किलोंच्या आसपास पेंड निघते. दाण्याचा भाव या दोन्हींवर ठरतो. देशाची खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आयातीवर भागते. त्यामुळे इंडोनेशियाने एप्रिल 2022 मध्ये पामतेलाची निर्यात रोखली किंवा ब्राझीलमध्ये अमाप पीक आले, की त्याचा परिणाम इथल्या आडतीवर दिसतो.

भावाची चढउतार शेतकऱ्याने गृहीतच धरलेली असते. जड जातो तो धोरणाचा लहरीपणा. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन 10,000 रुपयांवर गेले. कुक्कुटपालकांनी ओरड केली आणि केंद्राने त्याच महिन्यात जनुकबदल सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल बाजारात येईपर्यंत भाव कोसळला होता. डिसेंबरात बाजार नियामक सेबीने सोयाबीनचे वायदे बंद केले आणि पुढे बंदीची मुदत वाढतच गेली. काढणीच्या वेळच्या भावाचा अंदाज घेण्याचे एक साधन त्यामुळे गेले.

कच्च्या सोयातेलावरचे एकूण शुल्क सप्टेंबर 2024 मध्ये 5.5 वरून 27.5 टक्के झाले, मे 2025 अखेर ते 16.5 वर आले. शुल्क चढे असतानाही 2024 च्या हंगामात बाजारभाव 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच राहिला. तेल महागले, पण पेंडेला उठाव नव्हता; इथेनॉल प्रकल्पांतला मका-तांदळाचा स्वस्त चोथा पशुखाद्यात शिरला होता. हमीभाव केंद्रावर ओलाव्याची मर्यादा 12 टक्के. परतीच्या पावसात भिजलेला माल तिथून माघारी येई. नोव्हेंबरात मर्यादा 15 टक्के झाली, तोवर गरजवंतांनी माल विकून टाकला होता.

भाव असा पडला की पीककर्जाची फेड अडते. सरकारे नवे रोखे काढून जुने कर्ज फेडतात. पीककर्जाला ती सोय नाही: मुदतीत फेडले तरच व्याजसवलत, थकले तर पुढच्या हंगामाचे कर्ज अडते. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफीने बरीच जुनी थकबाकी मिटली, पण बँकेचे दार बंद झालेला शेतकरी आडत्याकडून उचल घेतो. मग त्याचा माल त्याच आडतीवर उतरतो, शेजारच्या बाजारात भाव चढा असला तरी.