टीव्ही मुका झाला? आधी हे तपासा

मागच्या महिन्यात बडोद्याला घरी गेलो, तर बाबा टीव्हीसमोर बसलेले. चित्र चालू, आवाज नाही. म्हणाले, "आठ दिवस झाले, काही ऐकू येत नाही. कान पारच गेले असतील." घरात ते एकटेच, मुळात ऐकायला कमी येतं, त्यामुळे दोष कानांचाच, असं धरून चालले होते. दोष होता टीव्ही आणि रिसीव्हरच्या मध्ये.

आधी हे समजून घ्या. सेट-टॉप बॉक्स टीव्हीला जोडलेला असेल, तर आवाज टीव्हीत येतो आणि एचडीएमआय वायरीतून उलटा रिसीव्हरकडे जातो. या परतीच्या वाटेला एआरसी म्हणतात. ही सोय 2009 साली एचडीएमआय 1.4 बरोबर आली.

आता क्रमाने तपासू. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं काय बिघडलं होतं ते कळणार नाही.

पहिलं, रिसीव्हरवर रेडिओ किंवा मोबाइलचं गाणं लावा. ते वाजलं, तर स्पीकर ठीक आहेत. मग रिसीव्हरचं इनपुट 'टीव्ही'वर आहे ना, ते बघा.

दुसरं, वायर. टीव्हीच्या ज्या खाचेवर एआरसी किंवा ईएआरसी लिहिलंय, तिथेच ती हवी. रिसीव्हरकडे मात्र ती 'आउट'मध्ये जाते, 'इन'मध्ये नाही. बरेच जण इथेच चुकतात.

तिसरं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज बाहेरच्या रिसीव्हरकडे वळवा आणि सीईसी दोन्हीकडे चालू करा. प्रत्येक कंपनी सीईसीला वेगळं नाव देते, तेव्हा माहितीपुस्तिका बघा.

चौथं, आवाजाचा प्रकार 'पीसीएम' ठेवा. आवाज आला, तर आधीचा प्रकार रिसीव्हरला कळत नव्हता, असं समजा. एआरसीवर पीसीएम दोनच चॅनलचा मिळतो, पण संवाद नीट ऐकू येतात.

पाचवं, दोन्हींचे प्लग भिंतीतून काढा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा लावा. तरीही नाही, तर वायर बदलून बघा किंवा ऑप्टिकल केबल लावा. नवा रिसीव्हर घ्यायचा विचार त्यानंतर.

आमच्याकडे टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर सीईसी बंद पडलं होतं. ते चालू केलं आणि बातम्या घरभर घुमल्या. बाबा दचकून म्हणाले, "अरे, जरा कमी कर!"