आत्या यंदा कुणाकडे?

दिवाळी जवळ आली की फराळाच्या याद्या होतात, कपड्यांची खरेदी होते, आणि कित्येक घरांत आणखी एक प्रश्न दार लोटून घेऊन हळूच विचारला जातो : "आत्या यंदा कुणाकडे?" आत्याच्या जागी कुठे मावशी असेल, कुठे एकटे राहिलेले काका असतील, प्रश्न तोच. ज्यांना मुलेबाळे आहेत त्यांचे कोणी करायचे, याविषयी बोलायला निदान जागा तरी असते. ज्यांना ती नाहीत ते सगळ्यांचे असतात. आणि सगळ्यांचे असणे म्हणजे पुष्कळदा कुणाचेच नसणे, हे वाचकांना मी सांगायला नको.

आमची आत्या ८१ वर्षांची. लग्न केले नाही. पुण्यात शाळेत नोकरी केली. वडील अकाली गेल्यावर आम्हा तीन भावंडांच्या फिया आणि वह्यापुस्तके तिच्याच पगारातून आली. उरलेल्या पैशांतून तिने पेठेत दोन खोल्या घेतल्या. दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघरात घसरली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. तेव्हा आमच्या मामांनी मध्ये पडून वाटणी करून दिली : चार महिने डोंबिवलीला दादाकडे, चार नाशिकला ताईकडे, चार पुण्यात माझ्याकडे. आत्याच्या खोल्यांना कुलूप लागले.

वाटणी हिशेबाला चोख होती. कुणाला एक दिवस अधिक नाही, कुणाला उणा नाही. पण दर मुक्कामाला डॉक्टर नवा, आणि जुने कागद मागल्या घरी. रात्री उठले तर दिव्याचे बटण एका घरी दाराच्या डाव्या हाताला, दुसऱ्या घरी उजव्या. शेजारी ओळखीचे कुणी नाही. नोव्हेंबरात निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावर घरबसल्याही देता येतो. पण आत्याच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र ठसा घेईना. "अरे, मी हयात आहे हे आता मलाच पटेनासं झालंय," ती हसून म्हणाली. आम्हाला कुणाला हसू आले नाही.

वहिनींचे म्हणणे वेगळे होते. एकदा त्या दादाला माझ्यासमोरच म्हणाल्या, "आत्यांचं करायला मी ना म्हणत नाही. त्यांनी तुम्हांला वाढवलं, ते मला ठाऊक आहे. पण मामांनी वाटणी केली ती तुम्हा भावंडांत. करणार मी, मला कुणी विचारलं?" या प्रश्नाला दादाजवळ उत्तर नव्हते. सांभाळणारी एक आणि ठरवणारे दुसरेच, ही बहुतेक घरांतली रीत आहे.

कायदा याबाबतीत मुका नाही. १९५६च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांचा भार मुलाइतकाच मुलीवरही टाकला. २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले : अपत्य नसलेल्या वृद्धाची मालमत्ता ज्यांच्या ताब्यात आहे किंवा पुढे ज्यांना मिळायची आहे, त्या ऐपतदार नातलगांनी त्याचा निर्वाह करायचा, वारस अनेक असतील तर ज्याचा जेवढा वाटा तेवढा त्याचा भार. सांभाळण्याच्या अटीवर घर लिहून घेऊन मग हात वर करणाऱ्याकडून ते परत मिळवण्याचीही त्यात सोय आहे. दाद उपविभागीय अधिकाऱ्यांच्या दर्जाच्या न्यायाधिकरणापुढे मागायची. अडलेल्या वृद्धांसाठी १४५६७ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. पण त्या कायद्याने ठरवलेली निर्वाहाची कमाल रक्कम महिना १०,००० रुपये. आणि रात्री दोन वाजता हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेणारे माणूस कोणताही हुकूमनामा देऊ शकत नाही.

गेल्या भाऊबीजेला सगळे जमले तेव्हा प्रथम आत्यालाच विचारले. ती म्हणाली, "मला माझ्या खोल्यांत राहायचंय." खोल्या विकून चांगल्या वृद्धाश्रमाची सोय करावी, असा दादाचा विचार होता. वृद्धाश्रमात काही वावगे नाही. काहींना तेच मानवते. पण आत्या ताठ बसून म्हणाली, "खोल्यांचं मी बघेन. ज्याला खोल्या हव्यात त्यानं माझं करू नये. ज्याला माझं करायचंय त्यानं खोल्यांकडे बघू नये." बराच वेळ कुणी बोलले नाही. मग दादाने स्वतःच कागद-पेन्सिल मागवली.

त्या दिवशी महिन्यांची नव्हे, कामांची वाटणी झाली. दिवसा एक बाई, रात्री दुसरी. निवृत्तिवेतनातून भागते ते भागते. उरलेला खर्च तिघांचा, आणि त्याचा हिशेब दादाकडे. डॉक्टर, औषधे आणि सगळे कागद एका वहीत, ते ताईकडे. रोज संध्याकाळची फेरी आणि अडीअडचणीला धावणे माझ्याकडे. वहिनींनी आपणहून सांगितले, "बाया सुट्टीवर जातील तेव्हा मी येईन." न्हाणीघरात धरायला दांडे बसवले, पलंगाच्या उशाशी दिवा आला.

सगळे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. बाया टिकत नाहीत, खर्च वाढतो, आणि आत्याचे विसरणेही वाढते आहे. ही व्यवस्था कदाचित वर्षभराने पुरणार नाही. तेव्हा पुन्हा बसावे लागेल.

२०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले लोक देशात दहा कोटींवर होते. त्यांतले कुणी ना कुणी तुमच्याही घरातले आहे. यंदा सगळे एकत्र जमाल तेव्हा अर्धा तास काढा. त्या माणसाला काय हवे ते त्यालाच विचारा, करणाऱ्या बाईला किती झेपेल ते तिला विचारा, आणि कुणी काय करायचे ते नावानिशी लिहून काढा. हाड मोडल्यावर इस्पितळाच्या व्हरांड्यात हे ठरवण्यापेक्षा, सगळी धडधाकट असताना ठरवलेले बरे.