कुठून उतरवलंस?

नववीत असताना मी पावसावर निबंध लिहिला होता. सरांनी वही मिटली आणि वर्गासमोर विचारले, "कुठून उतरवलास रे?" आमच्या घरी दखनी बोलत. अशा घरातल्या मुलाला हे मराठी येणार कुठून, हा प्रश्नाचा खरा अर्थ मला तेव्हाही कळला होता.

आता महाविद्यालयीन मुलांचे प्रकल्प आणि स्पर्धेचे निबंध तपासायला माझ्याकडे येतात आणि तोच प्रश्न माझ्या ओठांवर येतो. तो कधी विचारावा, याचे काही ठोकताळे मी बांधून ठेवले आहेत.

उतरवलेला मराठी मजकूर स्वतःच चुगली करतो. आपल्या क्रियापदाला लिंग असते. मुलीच्या प्रकल्पात मधेच 'मी या निष्कर्षाप्रत आलो' असे आले की थांबावे. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली मान्य झाले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. म्हणून वीस पानांपैकी दोनच पानांवर 'नाहीं', 'केलें' दिसू लागले, तर ती पाने एखाद्या जुन्या पुस्तकातली असण्याचा संभव मोठा. 'मागील प्रकरणात पाहिल्याप्रमाणे' असे लिहिलेले असते आणि मागे प्रकरणच नसते! 'दुसऱ्या हातावर असे म्हणता येईल' हे वाक्य तर इंग्रजीतून यंत्राने केलेले भाषांतर.

संगणकावर मजकूर ताडून पाहणारी साधने आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, साठ टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणी रद्द होते. पण ही साधने मुख्यतः शब्दांचे साम्य मोजतात. भाषांतर करून घेतलेला किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहवून घेतलेला मजकूर त्यातून सहज निसटतो. तिथे मी संदर्भसूची आधी पाहतो. यंत्र कधीकधी अस्तित्वातच नसलेली पुस्तके बिनदिक्कत सांगते.

या सगळ्या खुणा विसंगतीच्या आहेत. मजकूर एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी भलताच, ही विसंगती. नुसते चांगले मराठी ही खूण नव्हे. तरी परीक्षक तिथेच हमखास घसरतात, मीही घसरलो असतो. एका स्पर्धेत घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलीचा निबंध आला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकाच हातचा, सुरेख. सोबतचे परीक्षक म्हणाले, "हे हिचं नाही." खरे सांगायचे तर क्षणभर मलाही तसेच वाटले.

आम्ही तिला बोलावले. मी एवढेच विचारले, "कच्चं लिखाण आहे का गं?" तिने पिशवीतून वही काढली. सुरुवातीचे वाक्य चार वेळा लिहून चार वेळा खोडलेले होते.

"हे तिसरं तर बरं होतं. का खोडलंस?" मी म्हणालो.

त्यावर ती बराच वेळ बोलत राहिली.