गुल्फसंधीचे स्थैर्य : बंध पुरेसा केव्हा, शस्त्रकर्म आवश्यक केव्हा?

निसरड्या पायरीवर पाय घसरला, घोटा मुरगळला आणि रुग्ण लंगडत चिकित्सालयात आला, हा प्रसंग प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. लेप व पट्टबंधनाने बहुतेक रुग्ण बरे होतात आणि त्यामुळेच एखादा वेगळा रुग्ण नजरेतून निसटतो. काही वर्षांपूर्वी आमच्या हातूनही असे घडले. साधी मुरगळ समजून आम्ही तीन आठवडे उपचार केले. पुढे क्ष-किरण तपासणीत बहिर्गुल्फाचा भग्न व स्थानभ्रष्ट संधी आढळला आणि रुग्णास उशिरा, अधिक अवघड शस्त्रकर्म सोसावे लागले. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन हेच आहे.

सुश्रुताचार्यांनी गुल्फास रुजाकर मर्मांत स्थान दिले असून त्याच्या आघाताने वेदना, पायाची स्तब्धता व लंगडेपणा संभवतो असे सांगितले आहे. भग्नचिकित्सेत आंचन, पीडन, संक्षेप व बंधन असा क्रम येतो. बंध सैल असेल तर संधीस स्थैर्य येत नाही, अति घट्ट असेल तर शोथ, वेदना व पाक होतो, म्हणून मध्यम बंध प्रशस्त होय. म्हणजेच चिकित्सेचे साध्य केवळ हाड जुळणे नसून संधी स्थिर होणे हे आहे.

आधुनिक शारीरही हेच सांगते. नडगीचे हाड व तिच्या बाहेरचे बारीक हाड यांच्या खालच्या टोकांनी एक खोबणी बनते आणि तीत टालस हे हाड बसते. १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या एका शवाभ्यासात टालस १ मि.मी. बाहेर सरकताच सांध्यातील स्पर्शक्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. एवढ्याशा विचलनाने सर्व भार थोड्या जागेवर येतो व कालांतराने संधिगत वात उद्भवू शकतो.

मग क्ष-किरण तपासणी कोणास करावी? कॅनडातील ओटावा येथे १९९२ साली मांडलेले नियम सोपे आहेत. घोट्याच्या परिसरात वेदना असून, कोणत्याही गुल्फाच्या मागील कडेवर खालच्या ६ सें.मी.त अथवा टोकावर दाबल्यास हाड दुखत असेल, किंवा आघातानंतर लगेच व तपासणीच्या वेळीही रुग्ण चार पावले टाकू शकत नसेल, तर तपासणी करावी. पायाच्या मध्यभागी वेदना असल्यास करंगळीच्या रेषेतील पाचव्या लांब हाडाचे बूड व आतील बाजूचे नौकाकृती हाडही दाबून पाहावे. मधुमेहाने संवेदना मंदावलेल्या रुग्णात या नियमांवर विसंबू नये. गुडघ्याखालपर्यंत बारीक हाड चाचपावे, कारण कधी घोट्याच्या आघातात भग्न तेथे वर असतो.

केवळ बहिर्गुल्फ भग्न असून आतील बंधने शाबूत व टालस जागेवर असेल, तर संधी बहुधा स्थिर असतो. तेथे प्लास्टर अथवा आधारपट्टा पुरतो. मात्र दोन्ही गुल्फ भग्न असल्यास, आतील स्नायुबंध तुटून टालस सरकल्यास, अथवा दोन हाडांना जोडणारा बंध फाटल्यास संधी अस्थिर समजावा. अशा वेळी पट्टी व स्क्रूने हाडे जागेवर बसवणे हेच सामान्यतः श्रेयस्कर ठरते. संधी निखळून त्वचा पांढरी पडली असेल किंवा जखमेतून हाड दिसत असेल, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावा. इतर रुग्णांत सूज उतरून त्वचेवर सुरकुत्या दिसेपर्यंत शस्त्रकर्म लांबवले जाते. या काळात पाय उंच ठेवावा, मर्दन मात्र करू नये.

शस्त्रकर्मानंतरही वैद्याचे कार्य उरतेच. भग्नरुग्णास दूध, तूप व मांसरस द्यावा आणि लवण, कटु, अम्ल, क्षार व व्यायाम टाळावा हे शास्त्रवचन आहेच. भग्न स्थिर होण्यास तारुण्यात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट व वार्धक्यात तिप्पट काळ लागतो, हेही रुग्णास समजावून सांगावे. पायावर भार केव्हा द्यावा, हे मात्र शल्यचिकित्सकाच्या सल्ल्यानेच ठरवावे. हाड जुळल्यावर स्नेहन आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा क्रमशः अभ्यास हितकर ठरतो.

लेप लावण्यापूर्वी दोन्ही गुल्फ अंगठ्याने दाबून पाहण्यास एक मिनिटही लागत नाही. योग्य वेळी रुग्ण पुढे पाठवणे यात वैद्यास कमीपणा नाही. भग्नाची चिकित्सा शल्यतंत्रात सांगणाऱ्या आचार्यांच्या परंपरेशी ते सुसंगतच आहे, असे आमचे नम्र मत आहे.